मोटर एका दिवसात जळत नाही

गेल्या मे महिन्यात काटोलहून काकांचा फोन आला. "अरे, मोटर पुन्हा जळली. दोन वर्षांत तिसऱ्यांदा भरून आणतोय. संत्र्याची झाडं सुकताहेत. मिस्त्री चोर आहे की काय?"

मी इथे विस्कॉन्सिनमध्ये मोटरांच्याच धंद्यात. माझं मत विचाराल तर मिस्त्री बहुधा निर्दोष आहे!

मंडळी, मोटर जळते ती शेवटच्या दिवशी. मरत असते ती रोज. तारेवरचं वार्निश उष्णतेने हळूहळू कडक होतं, ठिसूळ होतं, थरथरीने तडकतं आणि एक दिवस दोन वेढे एकमेकांना चिकटतात. जनरल इलेक्ट्रिकच्या मॉंटसिंगर यांनी १९३० मध्ये ट्रान्स्फॉर्मरसाठी मांडलं की तापमान ८ अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. मोटरवाले ढोबळपणे १० अंश धरतात. १९४८ मध्ये डेकिन यांनी दाखवलं की ही सरळ रासायनिक क्रिया आहे. म्हणजे नशीब वगैरे काही नाही.

आता गंमत बघा. बी क्लासच्या वाइंडिंगची मर्यादा १३० अंश. त्याचा हिशोब असा: भोवतालची हवा ४०, मोटरची स्वतःची वाढ ८०, आणि आतल्या सर्वांत गरम जागेसाठी १०. ते ४० इथे विस्कॉन्सिनमध्ये पुरतात. विदर्भात मे महिन्यात सावलीत ४५-४६ असतं, आणि काकांनी पावसासाठी मोटरवर पत्र्याची पेटी ठोकलीय! आत ५० सहज. झालं, आयुष्य निम्मं. त्यात व्होल्टेज पडलं की करंट वाढतो. करंट १० टक्के वाढला तर तांब्यातली उष्णता २१ टक्के वाढते.

इथले लोक फार शहाणे आहेत असं नाही हं. छोटी मोटर जळली की फेकून नवी आणतात. का जळली हे कोणी विचारत नाही. आपण निदान भरतो. पण तेच सामान भरून त्याच पेटीत ठेवतो.

काकांना म्हटलं, पेटी काढा, वरून नुसतं छप्पर करा, चारी बाजूंनी वारा लागू द्या. आणि मिस्त्रीला शिव्या देण्यापेक्षा एफ क्लासचं सामान मागा; तार, कागद, वार्निश सगळं. त्याची मर्यादा १५५. मोटर तेवढीच तापली तर कागदोपत्री आयुष्य पाचपटीहून जास्त.

"आणि व्होल्टेजचं काय?" काका म्हणाले.

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.