दीड किलोची काठी, साडेचार किलोचा भार

गावात शूटिंग आले की गर्दी हिरो-हिरॉइनभोवती जमते. धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात ‘सैराट’चे चित्रीकरण झाले, तो चित्रपट २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर कॅमेरा म्हणजे फक्त मुंबईची गोष्ट राहिली नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या गावांत मालिकांचे सेट वर्षानुवर्षे उभे राहिले. नळदुर्ग, परंडा, तेर अशी ठिकाणे असलेल्या जिल्ह्यात उद्या एखादे युनिट उतरले तर नवल नाही. अशा गर्दीत उभे राहून कधी पाहिले असेल तर एक माणूस आठवत असेल. कानावर हेडफोन, दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ बोळ्यासारखे काहीतरी. तो बूम ऑपरेटर. त्या बोळ्याच्या आत माईक असतो. तो कलाकाराच्या तोंडाजवळ हवा आणि तरीही चौकटीच्या बाहेर हवा. दोन-चार इंच खाली आला की दिग्दर्शक ओरडतो, दोन-चार इंच वर गेला की संवाद पातळ होतो. त्यामुळे ‘कट’ म्हणेपर्यंत हात तिथेच.

वरवर पाहता हे काम हलके वाटते. वजन ते किती? माईक, त्याचे झोळणे आणि वारा अडवणारे आवरण मिळून साधारण ७०० ग्रॅम धरू. काठी कार्बन फायबरची असेल तर तीही तेवढीच. एकूण दीड किलोच्या आत. पाण्याने भरलेली कळशी उचलणाऱ्या बाईला हे सांगितले तर ती हसेल. नेमके याच कारणाने या कामाला कोणी कष्टाचे काम मानत नाही. निर्माता मानत नाही, घरचे मानत नाहीत आणि खांदा धरून दवाखान्यात आल्यावर डॉक्टरही मानत नाहीत.

शरीर मात्र वजन काट्यावर मोजत नाही. जत्रेत देवाची उंच काठी पोटाशी टेकवून नाचवणारा माणूस आठवा. काठी उभी आहे तोवर तिचा तोल सांभाळायचा, भार सरळ खाली जातो. तीच काठी आडवी धरून टोक पुढे करायला सांगितले तर पैलवानाचेही हात थरथरतील. बूम ही आडवी धरलेली काठी आहे. शाळेत शिकलेला तरफेचा नियम लावून पाहू. काठी तीन मीटर लांब, मागचा हात शेवटाला, पुढचा हात त्याच्यापासून ७० सेंटिमीटरवर. टोकाचे ७०० ग्रॅम तीन मीटरवरून खाली ओढतात, काठीचे स्वतःचे ७०० ग्रॅम मध्यावरून, म्हणजे दीड मीटरवरून. हिशेब केला की पुढच्या हातावर साडेचार किलोचा भार येतो. मागच्या हाताला तर उलटे, सुमारे तीन किलोच्या जोराने काठी खाली दाबून धरावी लागते. एक हात उचलतो, दुसरा दाबतो आणि दोन्ही डोक्याच्या वर. चार मिनिटांचा प्रसंग आठ वेळा घेतला की अर्ध्या तासाच्या वर हे चालले. दिवसात असे किती प्रसंग होतात, ते मालिकेच्या सेटवरच्या माणसाला विचारावे.

साडेचार किलो उचलून खाली ठेवणे आणि साडेचार किलो वर धरून थांबणे यात मोठा फरक आहे. स्नायू आकुंचन-प्रसरण पावत असतो तेव्हा त्यात रक्त खेळते, पंपासारखे. तो ताणून तसाच धरला की आतल्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या चेपतात. प्राणवायू कमी पोहोचतो, आम्लयुक्त द्रव्ये साठतात, आग होऊ लागते. खांद्यात ही अडचण जास्त आहे. खांद्याच्या सांध्याची वाटी उथळ असते आणि गोळा मोठा. त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या पट्ट्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या सर्वांत वरच्या सुप्रास्पायनेटस या स्नायूचा कंडरा हाडाच्या छपराखालून अरुंद जागेतून जातो. हात वर केला की ती जागा आणखी आक्रसते. डेन्मार्कमध्ये घरांना रंग देणारे, मोटार मेकॅनिक आणि यंत्रकारागीर यांचे खांदे एमआरआयने तपासले गेले, तेव्हा हात खांद्याच्या वर धरून केलेल्या कामाचा आणि याच कंडऱ्याच्या झिजेचा संबंध दिसला. बूम ऑपरेटरचे काम छताला रंग देणाऱ्याच्या जवळचे आहे. रंगारी निदान ब्रश हलवतो तरी.

हे काम मुळात आहे कशासाठी, हेही सांगायला हवे. १९३१ च्या ‘आलम आरा’त आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त आवाज चित्रीकरणाच्या वेळीच घेतला गेला. पुढे अनेक दशके आपल्याकडे संवाद नंतर स्टुडिओत भरण्याची पद्धत रुळली आणि सेटवरच्या माईकचे महत्त्व उतरले. ‘लगान’ने २००१ मध्ये थेट ध्वनिमुद्रणाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. मराठीत याचे ठळक उदाहरण म्हणजे भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाच्या या चित्रपटाला प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माळरानावरचा वारा, मेंढरांचा गलका आणि त्यातून माणसाची बोली जशीच्या तशी पकडायची, तर कोणीतरी जवळ जाऊन माईक धरावा लागतो. छातीवर लपवलेला छोटा माईक आहे, पण घोंगडीखाली लावलेला माईक बऱ्याचदा घोंगडीच ऐकवतो. तेव्हा आपल्या बोलीचा पडद्यावरचा अस्सलपणा आपल्याला आवडत असेल, तर त्याचा काही भाग कोणाच्या तरी खांद्यावर उभा आहे हे मान्य करायला हवे.

आता त्या खांद्याचे पुढे काय होते ते पाहू. सुरुवातीला रात्री कुशीवर झोपता येत नाही. मग शर्ट घालताना कळ येते. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यातच दुखते, त्याच्या खाली आणि वर बरे वाटते. ही रोटेटर कफची ओळखीची खूण. याच टप्प्यावर काम थोडे बदलले आणि फिजिओथेरपीचे व्यायाम नियमाने केले, तर बहुतेक खांदे शस्त्रक्रियेवाचून सुधारतात. पण रोजंदारीवरच्या तरुणाला सुटी म्हणजे पैसे नाहीत आणि जागा दुसऱ्याला. म्हणून तो मेडिकलवरून गोळी आणतो.

इथे खांद्यापेक्षा मोठा धोका सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये धाराशिवचा पारा चाळिशी ओलांडतो. टेक चालू असताना आवाज नको म्हणून पंखा बंद, एसी बंद, दारे-खिडक्या बंद. बूमवाला पाणीही बेताने पितो, कारण मध्येच लघवीला जाता येत नाही. सेटवर काम करणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर स्वच्छतागृहच जवळ नसते, म्हणून त्या दिवसभर तहान मारतात. अशा सुकलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके रोज गेली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. पाणी कमी असताना मूत्रपिंड ज्या रासायनिक यंत्रणेने स्वतःचा रक्तप्रवाह टिकवून धरते, नेमकी तीच यंत्रणा ही औषधे बंद पाडतात. मूत्रपिंड अचानक निकामी होण्यापर्यंत हे जाऊ शकते. ऊसतोडीवर जाणारे, खळ्यावर राबणारे आपल्याकडचे अनेक जण ही चूक करतात, बूमवाला त्यांच्याच रांगेत उभा आहे. उन्हाळ्यात रोज गोळी लागत असेल तर ती थांबवून तपासणी आणि रक्तातील क्रिएटिनिन करून घ्यावे. नुसत्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत अधिक सुरक्षित असते.

सेटवर करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत. वरचाच हिशेब पुन्हा मांडला तर काठी तीनऐवजी दोन मीटरवर आणली की पुढच्या हातावरचा भार साडेचारवरून तीन किलोवर येतो. म्हणजे ध्वनिमुद्रकाने कॅमेरामनशी आधी बोलून चौकट नक्की केली आणि बूमवाल्याला एक मीटर जवळ उभे राहू दिले, तर तिसरा हिस्सा भार तिथेच उतरला. दोन हातांतले अंतर ७० सेंटिमीटरवरून एक मीटर केले तरी जवळपास तेवढाच फायदा. काठीचा थोडा भाग मागच्या हाताच्या मागे सोडला तर तोल आणखी सुधारतो. कोपरे वाकवून धरण्यापेक्षा हात सरळ वर नेले की भार बराचसा हाडांवरून खाली उतरतो. कंबर मागे झुकवून पोट पुढे काढण्याची सवय मात्र मोडावी, नाहीतर खांद्याचे दुखणे पाठीत जाते. कलाकार एका जागी बसून बोलत असतील तर काठी स्टँडवर लावावी. दिवे नीट करायला पाच मिनिटे लागणार असतील तर ती पाच मिनिटे काठी जमिनीवर हवी. लांब प्रसंगांच्या दिवशी दुसरा माणूस आलटून पालटून हवा. यावर निर्माते खर्च सांगतात. एका माणसाचा रोज आणि हात थरथरल्याने वाया गेलेले टेक, यातले महाग काय हे त्यांनीच पाहावे.

गावाकडच्या शूटिंगमध्ये मुंबईच्या स्टुडिओत नसलेला एक धोका असतो. शेतातून गेलेल्या विजेच्या तारा. पंपांच्या लाइनी अनेक ठिकाणी लोंबलेल्या असतात. कार्बन फायबर आणि अॅल्युमिनियम दोन्हींतून वीज वाहते. तीन मीटरची काठी उभी धरली आणि धरणाऱ्याचे हात वर असले, तर टोक पाच मीटरवर जाते. उच्च दाबाच्या तारेला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही, पुरेसे जवळ गेले तरी झटका बसू शकतो. आकडीने आंबे उतरवताना असे अपघात होतात हे खेड्यात सर्वांना माहीत आहे, पण सिनेमाच्या सामानाकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. एका जागेवरून दुसरीकडे जाताना काठी मिटवूनच न्यावी आणि शूटिंगची जागा ठरवतानाच डोक्यावर काय आहे ते पाहावे. मे-जूनच्या दुपारी आभाळ भरून आले की मराठवाड्यात वीज पडून माणसे-जनावरे दगावतात. पहिला गडगडाट ऐकताच काठी खाली ठेवावी आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप जवळपासच्या विजांचा इशारा देते. युनिटमधल्या एकाच्या तरी फोनवर ते असावे.

कानांचेही थोडे. हेडफोनचा आवाज वाढवून तासन् तास ऐकणे चांगले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, त्याहून मोठा असेल तर वेळ झपाट्याने कमी करावी लागते. पॅकअपनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समजावा.

कायद्याच्या पुस्तकात हा माणूस अगदीच नाही असे नाही. सिने कामगारांसाठी १९८१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दृक्-श्राव्य कामगार ही व्याख्या आहे. ती नटापासून तांत्रिक काम करणाऱ्यापर्यंत सर्वांना कवेत घेते आणि लेखी करार मागते. पण याच संहितेला जोडलेली २९ अधिसूचित आजारांची यादी वाचली तर तीत शिसे आहे, सिलिकोसिस आहे, आवाजामुळे येणारे बहिरेपण आहे. काम करून झिजलेला खांदा, मान किंवा मनगट नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० च्या आपल्या यादीत स्नायू आणि सांध्यांच्या विकारांना स्वतंत्र जागा दिली आहे. आपल्याकडे ती मिळेपर्यंत ‘कामामुळे झाले’ हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच खांद्यावर. २०२५ मध्ये हिंदी चित्रसृष्टीत आठ तासांच्या कामाची बरीच चर्चा झाली, ती मोठ्या अभिनेत्रींच्या निमित्ताने. मालिकेच्या सेटवर बारा तास उभ्या असलेल्या माणसाचे नाव त्या चर्चेत फारसे आले नाही.

रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत ‘तुम्ही काम काय करता?’ हा एक प्रश्न वाढवायला सांगितले. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर आजही त्या जागी ‘मजूर’ किंवा ‘खासगी नोकरी’ एवढेच लिहिलेले असते, कारण बाहेर रांग लागलेली असते. पुण्या-मुंबईला साउंडच्या कामाला गेलेला कळंबचा किंवा उमरग्याचा मुलगा दिवाळीला घरी येतो तेव्हा खांदा दाखवायला येतो. त्याने स्वतःहून सांगावे, की दिवसाला इतके तास हात डोक्यावर धरून काठी पेलतो, इतके महिने झाले, अमुक गोळी रोज घेतो. डॉक्टरांनी हात वर करायला लावून पाहावे, गरज असेल तर खांद्याची सोनोग्राफी करावी. धडपड होऊन किंवा हिसका बसून हात अचानक उचलताच येईनासा झाला असेल, तर कंडरा तुटल्याची शंका घेऊन काही दिवसांतच अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. महिनोन् महिने मलम चोळत राहिल्यास तुटलेले टोक मागे सरकते आणि शिवणे अवघड होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा डावा खांदा दुखत असेल, सोबत घाम आणि छातीत जडपणा असेल, तर आधी ईसीजी. आणि खांदा हळूहळू चहूबाजूंनी आखडत चालला असेल तर रक्तातील साखर तपासावी, कारण मधुमेहात जखडलेला खांदा जास्त आढळतो आणि त्याचा दोष काठीच्या माथी मारून चालत नाही.