आयत्या उत्तरांच्या दिवसांत

दहावीच्या निबंधापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत हल्ली सगळं फोनवर आयतं लिहून मिळतं. ते बरोबर की चूक हे ठरवायची तयारी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

अशी तयारी नेटाने करणारी माणसं आपल्याला नवी नाहीत. 1873 मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पती महादेवराव रानडे यांनी घरीच धडे सुरू केले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना सुनेचं इंग्रजी खपत नसे. टोमणे ऐकत, कामं उरकत रमाबाई शिकत राहिल्या. पुढे पुण्याचं सेवासदन त्यांनी नावारूपाला आणलं आणि 1910 मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे आत्मकथन लिहिलं.

त्या काळी पुस्तक मिळवणं अवघड होतं. आज पुस्तकापाशी तासभर बसणं अवघड झालंय. या अंकातले लेख अशा ठिय्या मारून शिकणाऱ्यांविषयी आहेत. आमचं सांगणं एवढंच: यंत्राला जरूर विचारा, पण आधी आपल्या मनाने चार ओळी लिहा, मग त्याचं उत्तर ताडून पाहा. चुकलात तर का चुकलात, तेही शोधा. खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

– संपादक