उजेडाचा कोन

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला. परंतु तो हवेतूनच पसरतो याचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास पुढे पाऊणशे वर्षे जावी लागली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनिपिगांपर्यंत नेली. रुग्णांशी त्या प्राण्यांचा दुसरा कोणताही संबंध नव्हता. तरीही त्यांना क्षय जडला. जी हवा अतिनील किरणांखालून नेली होती, तिच्यातले प्राणी मात्र बचावले. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात आणि ऊन आत आले तर त्यांतील जंतू मरतात.

मुंबईला हे नव्याने सांगावयास नको. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, येथे सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने पुढे आणला. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, इमारतीच्या उंचीच्या निम्मे अंतर समोर मोकळे हवे. हा ट्रस्ट गरिबांचा कैवारी होता असे मुळीच नव्हे. घरे बांधण्यापेक्षा पाडण्यातच त्याचा उत्साह अधिक. पण उजेडाचा हिशेब त्याने केला होता.

स्वतंत्र भारतातील आमच्या नियोजनकारांनी तो सोडून दिला. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात सात मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम ३ मीटरवर उभ्या आहेत. ऑर यांच्या हिशेबाने तेथे सुमारे १० मीटर हवे होते. २२५ चौरस फुटांच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि खाली पडणाऱ्या कचऱ्यामुळे असलेली खिडकीही बंदच राहते. अशा वसाहतींची पाहणी करून २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवून दिले.

जागा महाग आहे, हे उत्तर ठरलेलेच. परंतु सहा महिने औषध देऊन रोग्याला पुन्हा त्याच खोलीत धाडावयाचे, हा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा? पुनर्वसनाच्या नियमांत मोकळ्या जागेची दिली जाणारी सवलत रहिवाशाला मिळत नाही, ती बांधणाऱ्याला मिळते. ती प्रथम बंद व्हावी. आणि नकाशा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने तळमजल्यावरील खोलीत किती तास उजेड येईल, हे त्याच कागदावर स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यावे.