किनाऱ्याची फेरी: आधी पाणी पाहा, मग रस्ता

कापडाच्या धंद्यात आपली एक जुनी खोड आहे. गादीवर बसायचे, चहा मागवायचा आणि गिऱ्हाईक चालत येईल म्हणून वाट पाहायची. श्रीवर्धनचा दुकानदार पहाटेची एस.टी. पकडून मुंबईला येतो, दिवसभर बाजार पालथा घालतो आणि गठ्ठे घेऊन रात्रीच्या गाडीने परत जातो. त्याचे दुकान केवढे, त्याच्या गावात कोणता रंग चालतो, उधारी कोणत्या महिन्यात वसूल होते, हे त्याला माल देणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी स्वतः जाऊन पाहिले आहे? मक्केचे कुरैश हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे काफिले नेत. आपल्याला अलिबागच्या पलीकडे जायचे तर कंटाळा येतो.

म्हणून या वेळी किनाऱ्याच्या फेरीविषयी लिहितो. मार्ग साधा आहे. अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, राजपुरी. राजपुरीहून होडीने जंजिरा पाहून यायचे. मग आगरदांड्याला येऊन गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि खाडीपलीकडे दिघीला उतरायचे. पुढे बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेसवी आणि बाणकोट. वेळ असेल तर दापोली, दाभोळपर्यंत जावे. मुंबईहून निघणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी नेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे. शनिवार-रविवारी तिची जागा आधीच राखून ठेवावी, नाहीतर वडखळच्या रस्त्याने जावे लागते.

बहुतेकजण येथे एक चूक करतात, आणि ती मीही केली आहे. आपण रस्त्याचा हिशेब करतो, पाण्याचा करीत नाही. एका वर्षी एप्रिलच्या शेवटी श्रीवर्धनच्या एका घरच्या लग्नाचे कापड घेऊन मी निघालो. बारा गठ्ठे होते. रेवदंड्याला ओळखीच्या घरी जेवायला थांबलो, मुरूडला चहा झाला, राजपुरीला मुलांनी हट्ट केला म्हणून जंजिऱ्याच्या होडीत बसलो. आगरदांड्याला पोहोचलो तेव्हा शेवटची बोट दिघीच्या वाटेला लागलेली दिसत होती. खाडीला पूर्ण वळसा घालून, अनोळखी रस्त्याने, रात्री भरलेली गाडी नेण्याची हिंमत झाली नाही. सकाळी पोहोचलो तोवर त्या घरच्यांनी म्हसळ्याहून कापड उचलले होते. बोटवाल्याचा दोष नव्हता, वेळापत्रक जेटीवर लिहिलेले होते. ते गठ्ठे पुढच्या हंगामापर्यंत माझ्या गोदामात पडून राहिले. रंग जुना झाला तो वेगळाच.

तेव्हापासून मी उलटा हिशेब करतो. लग्नघरात निकाहची वेळ आधी ठरते, मग जेवण, वऱ्हाड, मंडप तिच्याभोवती बसवतात. तसे बोटीची वेळ आधी धरायची आणि तिथून मागे मागे येत घरून निघण्याची वेळ काढायची. मध्ये निदान एक तास मोकळा ठेवायचा. जंजिरा करायचाच असेल तर तो सकाळी, आगरदांड्याची बोट दुपारी. जंजिऱ्याच्या होडीचा भरवसा धरून पुढची बोट गाठू पाहणारा फसतो. होडी भरल्याशिवाय सुटत नाही, किल्ल्यात ठरावीक वेळ मिळतो आणि परतीला पुन्हा रांग असते.

दुसरा हिशेब भरती-ओहोटीचा. कोकणातले खलाशी यासाठी कागद पाहत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पाणी पूर्ण भरते. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. आपल्याला तिथी ठाऊक नसते, पण चांदाची तारीख तर घरात सर्वांना ठाऊक असते! हिजरी तारखेत एक मिळवला की साधारण तिथी येते. चांदाची ७ तारीख असेल तर तिथी ८, पाऊणपट ६. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बारा-साडेबाराला पुरती ओहोटी, संध्याकाळी साडेसहाकडे पुन्हा भरती. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण तासाने पुढे जाते. चांदाच्या पहिल्या तारखेच्या आणि चौदावीच्या आसपास उधाण असते, पाणी फार चढते आणि फार उतरते. त्या दिवसांत ओहोटीला जेटीचा उतार उघडा पडतो, त्यावर शेवाळ असते, आणि मालाने लादलेली गाडी त्यावर चढवताना ड्रायव्हरला घाम फुटतो. भरलेली गाडी असेल तर सातवी-आठवी किंवा बाविसावीच्या आसपासचा, भांगाच्या पाण्याचा दिवस धरावा.

मालाबद्दल थोडे. बोटीवर गाडीच्या काचा बंद ठेवा. खाऱ्या पाण्याचा तुषार पांढऱ्या कापडावर पडला तर डाग राहतो आणि दुकानदार तेवढेच बोट ठेवून भाव पाडतो. गठ्ठ्याला आतून प्लास्टिक लावा, किनाऱ्याच्या दमट हवेत दोन रात्रींत कापडाला वास येतो. विक्रीचा माल असेल तर डिलिव्हरी चलन बरोबर असू द्या. पहिल्या फेरीला मात्र नुसते नमुने न्यावेत आणि ऑर्डर लिहून आणाव्यात, असे माझे मत आहे.

केव्हा जावे? सगळे मे महिना सांगतील. मुंबईचे चाकरमानी आणि आखातातले लोक तेव्हा गावी येतात, लग्ने असतात, हे खरे आहे. पण मे महिन्यात दुकानदाराची खरेदी होऊन गेलेली असते. त्याला माल दाखवायचा तर फेब्रुवारीत. मासळीच्या गावांत जून-जुलैत बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, हातात पैसा नसतो. तेव्हा उधारी मागायला जाऊ नये, तोंडही वाईट होते आणि पैसाही मिळत नाही. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंदच असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर मला सर्वांत चांगला वाटतो. समुद्र शांत, मासळी चालू, दुकानदाराला बोलायला सवड. सध्या रमजान हिवाळ्याकडे सरकत आहे, त्यामुळे ईदचा मालही याच फेरीत ठरवता येतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही सहलीच्या पुस्तकात मिळणार नाही. कोकणातले आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. तिथे अस्रची जमात आपल्या हनफी मशिदींच्या बरीच आधी होते. आपण घड्याळ आपल्या मोहल्ल्याचे धरून गेलो की दुकानदार मशिदीत आणि आपण बंद फळीसमोर. शुक्रवारी दुपारी तर जंजिऱ्याचा बेत करूच नये. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही हे खरे, पण होडीवाला मुसाफिर नाही!

जंजिऱ्याविषयी लिहायचे तर पाने भरतील. उर्दू शाळेत भूगोलाच्या तासाला आम्ही जझीरा हा शब्द घोकला होता, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन. त्याच शब्दाचे कोकणी तोंडात जंजिरा झाले, हे मला तिथे होडीत बसल्यावर उमगले. सिद्द्यांचा हा किल्ला शेवटपर्यंत कोणाला जिंकता आला नाही. त्यांचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, हे पाहण्यासारखे आहे. राजपुरीजवळ खोकरीचे दगडी घुमट आहेत, तिकडे कोणी फिरकत नाही. व्यापाऱ्याने रेवदंड्यालाही थोडे थांबावे. शेजारचे चौल एकेकाळी रेशमी व सुती कापडाचे मोठे बंदर होते. इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी तिथे आला तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले मुसलमान व्यापारी तिथे वसलेले त्याने पाहिले. हे लोक शिडाच्या जहाजाने येऊन माल नेत होते आणि आपल्याला गाडी असून जमत नाही.

राजपुरीच्या शिडाच्या होड्या चालवणारे बहुतेक आपलेच गरीब बांधव आहेत. वर्षातले तीन महिने त्यांचा धंदा बंद. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांवरून हुज्जत घालणारे आपले शेटजी मी पाहिले आहेत, ज्यांनी आदल्या रात्री रिसॉर्टमध्ये मागितले तेवढे मोजले होते. भाडे द्या, पण होडीत माणसे जास्त कोंबली तर उतरा आणि मुलांना लाइफ जॅकेट मागून घ्या. तिथे संकोच नको.

हे सारे आताच लिहिण्याचे कारण आहे. रेवस ते रेड्डी सागरी मार्गाचे स्वप्न बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० ते १९८२ च्या काळात, पाहिले गेले. आता त्या मार्गावरच्या खाड्यांवर मोठ्या पुलांची कामे हाती घेतली गेली आहेत. पूल झालेच पाहिजेत, आजारी माणसाला रात्री बोटीसाठी थांबावे लागू नये. पण पूल दोन्ही बाजूंनी उघडा असतो. ज्या दिवशी दिघीचा माणूस थांबल्याशिवाय खाडी ओलांडेल, त्या दिवशी श्रीवर्धनचा दुकानदार आपल्याकडे येण्याऐवजी पनवेलच्या मोठ्या शोरूमकडे वळेल, आणि त्याचे गिऱ्हाईक तर त्याच्याही आधी जाईल. तेव्हा त्याला धरून ठेवणारी गोष्ट एकच, की आपण त्याच्या दुकानात बसून चहा घेतलेला असेल आणि त्याच्या गावचा रंग आपल्याला ठाऊक असेल. जेटीवर बोटीची वाट पाहताना मला दोन दुकानदार भेटले, त्यांचे खाते आजही चालू आहे. पुलावर कोणी थांबत नाही.

मी या वर्षी नोव्हेंबरमध्ये निघणार आहे, चांदाची सातवी-आठवी पाहून. नमुन्यांत सुती ओढण्या, लुंग्या आणि थोडे ड्रेस मटेरियल आहे. पहिला मुक्काम मुरूडला, दुसऱ्या दिवशी दुपारची बोट.