महाबलींना तारणारा चुना

चित्रकथा म्हटली, की आपले सुशिक्षित नाके मुरडतात. पोरखेळ म्हणून त्या मोडीत काढण्यापूर्वी १९६० सालची एक अमेरिकन कथा वाचावी. गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या या कथेत ‘जस्टिस लीग’चे महाबली प्रथमच वाचकांसमोर आले. शत्रू होता स्टारो. अंतराळातून आलेला, माणसांची मनेच ताब्यात घेणारा प्रचंड तारामासा! स्नॅपर कार हा साधा मुलगा मात्र त्याला वश झाला नाही. का? हिरवळीवर टाकताना चुना त्याच्या अंगाला लागला होता. फ्लॅशने हे हेरले आणि त्याच चुन्याने स्टारो जेरबंद झाला. अचाट बळाहून डोळस निरीक्षण मोठे, हे याहून सोपे कोणी सांगितले आहे? आपल्या ग्रंथालयात अशा कथांना एक कप्पा मिळावा, एवढेच मागणे!