पशुखाद्याचा धंदा : पोत्यात काय आहे ते कोण सांगणार?

पाचगणीचे नाव घेतले की लोकांना शाळा, स्ट्रॉबेरी आणि टेबललँडवरचे घोडे आठवतात. या घोड्यांची चंदी, म्हणजे हरभरा, गव्हाचा कोंडा, कडबा, बहुतेक सारी घाटाखालून येते. खाली वाई-साताऱ्याकडे म्हशीला सरकी पेंड आणि गोळी पेंड लागते, तर कोंबड्यांच्या शेडवर मका व सोयापेंडीचे फीड लागते. या मालाची दुकानदारी, हमाली आणि वाहतूक करणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. पोत्याचा भाव त्यांना तोंडपाठ असतो. परंतु पोत्यात नेमके काय आहे हे विचारले तर विकणाराही गप्प आणि घेणाराही गप्प! आमच्या मते या धंद्यातील खरी कमाई आणि चांगल्या नोकऱ्या या एका प्रश्नाच्या उत्तरात आहेत.

घोड्याचेच उदाहरण घ्या. कोंडा स्वस्त म्हणून तो भरपूर घालण्याकडे अनेकांचा कल असतो. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. केवळ कोंड्यावर राहिलेल्या घोड्याची हाडे कमकुवत होतात आणि चेहऱ्याची हाडे सुजल्यासारखी दिसतात. युरोपात पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा विकार होई, म्हणून त्याला गिरणीवाल्यांचा रोग असेच नाव पडले. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कोंबड्यांच्या काही खाद्यांत रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, घोड्याच्या मात्र ते जिवावर बेतते. उरलेले कोंबडीखाद्य घोड्याच्या तोबऱ्यात टाकण्याची काटकसर किती महागात पडू शकते, हे दुकानदाराला माहीत हवे की नको?

हा धंदा लहान नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे १२९ कोटी टन तयार पशुखाद्य बनले आणि चीन, अमेरिका व ब्राझील यांच्यामागोमाग भारताचा चौथा क्रमांक लागला. ब्रॉयलर कोंबडीच्या उत्पादनखर्चात साधारण दोन-तृतीयांश वाटा खाद्याचा असतो. साहजिकच खाद्यात किलोमागे वाचलेला एक रुपयासुद्धा नफा-तोट्याचे पारडे फिरवितो. त्यासाठीच मोठ्या कंपन्या जाणकार माणसे पदरी ठेवतात.

ही माणसे करतात तरी काय? सर्वांत कमी खर्चात जनावराच्या सर्व गरजा भागतील असे मिश्रण ठरविणे, हे पहिले काम. १९५१ मध्ये फ्रेडरिक वॉ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने दुभत्या जनावरांच्या खुराकासाठी हे गणित मांडून दाखविले. आज ते संगणकावर होते आणि मक्याचा भाव बदलला की मिश्रणही बदलते. म्हणजे हे काम गणिताच्या मुलाचे. १९९१ मध्ये फायटेज नावाचे विकर बाजारात आले. धान्यात अडकून पडलेला फॉस्फरस त्यामुळे कोंबडीला मिळू लागला आणि बाहेरून घालावयाच्या महागड्या फॉस्फेटची बचत झाली. हे काम जीवशास्त्राच्या मुलाचे. गाईच्या पोटातून निघणारा मिथेन कमी करणाऱ्या एका पूरकाला युरोपीय संघाने २०२२ मध्ये मान्यता दिली आणि त्याच दिशेने आपल्या बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनेही काम केले आहे. म्हणजे नव्या शोधांना अजून पुष्कळ वाव आहे.

आपल्या भागाला लागू पडणारा प्रश्न ओलाव्याचा आहे. पाचगणी-महाबळेश्वरचा पावसाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना बुरशी म्हणजे काय हे सांगावयास नको. १९६० मध्ये इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीचे विष सापडले. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष जनावराच्या पोटातून दुधात उतरते आणि दूध उकळल्यानेही जात नाही. दुधात ते किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, अशी आपल्याकडे कायदेशीर मर्यादा आहे. युरोपची मर्यादा याच्या दहाव्या हिश्शाइतकी कडक आहे. भिजलेली पेंड वाळवून पुन्हा पोत्यात भरणारा व्यापारी स्वतःचे चार पैसे वाचवितो, पण ते विष शेवटी कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाते.

लबाडीचेही तसेच. पेंडीतील प्रथिने मोजण्याची केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाची पद्धत १८८३ पासून चालत आली आहे. ती प्रत्यक्षात नत्र मोजते. त्यामुळे युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. चीनमध्ये मेलामाइन मिसळून हाच खेळ झाला. २००७ मध्ये त्याने अमेरिकेतील कुत्री-मांजरे दगावली आणि २००८ मध्ये चीनची सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. अशी भेसळ पकडणारा रसायनशास्त्राचा पदवीधर प्रत्येक चांगल्या कारखान्याला हवा असतो.

आता शिक्षणाचे पाहू. पसरणी घाट उतरून वाई-सुरूरमार्गे पुणे रस्त्याला लागले की शिरवळ येते. तेथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून उभे आहे. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. पुण्याजवळ उरुळी कांचनला कुक्कुटपालनाचे शिक्षण देणारी डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची संस्था आहे. पुढे जावयाचे तर स्वित्झर्लंडच्या उझविल परिसरात आणि अमेरिकेच्या कॅन्सस राज्य विद्यापीठात पशुखाद्य तंत्राचे खास शिक्षण मिळते. आयटीआय झालेल्या फिटर-इलेक्ट्रिशियनलाही गोळी पेंडीच्या यंत्रावर काम आहेच.

आखातात जाणाऱ्यांनीही याचा विचार करावा. सौदी अरेबियात पाणी कमी, म्हणून तेथील अल्मराई या दुग्धकंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात जमीन विकत घेतली. तेथे पिकविलेला लसूणघास समुद्रापलीकडच्या गाईंसाठी येऊ लागला. इतका खटाटोप करणाऱ्या धंद्याला ट्रकचा चालक लागतो, तसा चारा तपासणाराही लागतो. आपली मुले पहिल्या कामासाठी जातात. दुसऱ्यासाठी का जाऊ नयेत?

साडेपाच वर्षे आणि त्यांचा खर्च झेपणार कसा, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्तच आहे. त्यावर आमची सूचना साधी आहे. दुकानदार, घोडेवाले आणि दूध उत्पादक यांनी मिळून दरवर्षी एका होतकरू मुलाच्या अथवा मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा. ओलावा मोजण्याचे एक यंत्र सामाईक घ्यावे. माल घेताना भावाबरोबर तपासणीचा दाखलाही मागावा. ज्या गावात देशभरची मुले शिकावयास येतात, त्या गावाच्या पोरांनी पोती वाहण्यावरच समाधान का मानावे? बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. दहावीलाच विज्ञानाची वाट धरावी लागेल, आणि ती धरावयाला पालकांनी मुलांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.