शाळेतील निळी गोळी

राजारामपुरीतील माझ्या दवाखान्यात सातवी-आठवीच्या मुली येतात. तक्रार ठरलेली : दम लागतो, वर्गात डुलक्या येतात. घरचे म्हणतात, "अभ्यासाचा आळस!" खालची पापणी ओढून पाहावी तर आत पांढरी फटक. मुलींचे हिमोग्लोबिन या वयात १२ च्या खाली गेले, की तो रक्तक्षय. अशा मुलीचे फळ्याकडे लक्ष लागणार कसे?

सरकारी व अनुदानित शाळांत सहावीपासून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मोफत मिळते. पण पालकच बजावून पाठवतात, "घेऊ नकोस." कारण शौचास काळी होते. अहो, ते अंगी न लागलेले लोह. त्याने अपाय नाही. मळमळते ते बहुधा उपाशीपोटी घेतल्याने. सकाळी नुसत्या चहा-बटरवर आलेल्या मुलीला पहिल्या तासाला गोळी द्यावीच कशाला? दुपारच्या जेवणानंतर शिक्षकांनी समोर उभे राहून द्यावी. वर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही, लिंबू चालेल. जूनच्या पालकसभेत गणवेशाबरोबर एवढे सांगायला दहा मिनिटे पुरतात.

फार फिकट दिसणाऱ्या मुलीला मात्र आठवड्याची गोळी पुरत नाही. तिचे रक्त तपासून रोजचे औषध सुरू करावे लागते.